गुरुवारचा मलिदा

भेंडी दोन बोटांत धरून ते ती गिऱ्हाइकाच्या कानाजवळ न्यायचे आणि तिचं शेपूट मोडायचे. टच् असा आवाज आला की विचारायचे, "बोलली का?" गिऱ्हाईक मोरोक्कोचं असो, नुकतंच रशियातून आलेलं असो, नाही तर काळा झगा घातलेली, वाळवंटातली बेदुईन बाई असो, प्रश्न मराठीतच. उत्तरही स्वतःच द्यायचे. "बोलली. घे."

त्यांचं नाव मी इथे लिहीत नाही. त्यांना ते आवडलं नसतं. मी त्यांना काका म्हणत असे, आणि इस्राएलमधल्या बेर्शेबाच्या बाजारात सगळे त्यांना 'बामिया' म्हणून हाका मारत. बामिया म्हणजे भेंडी. तिथली बामिया अंगठ्याएवढी असते आणि लोकांना तेवढीच कोवळी वाटते. काकांची भेंडी आपल्याकडची, चांगली वीतभर. बियाणं कुणाकडून तरी मुंबईहून आणलेलं आणि ओळखीच्या एकाच्या शेतात चार वाफे लावलेले. लांब भेंडी बघून बायका नाक मुरडायच्या, की ही जून असणार. म्हणून प्रत्येकीच्या कानाशी ती मोडून दाखवायची पाळी काकांवर आली आणि पुढे ती सवयच झाली.

परदेशात गेल्यावर लोक किल्ले बघतात, संग्रहालयं बघतात. मी बाजार बघते. तुमच्यापैकी काहीजण माझ्या जातीचे असतील, त्यांना हे समजावून सांगायला नको. कुठल्याही गावाची भाजीची रांग एकदा डोळ्यांखालून घातली की तिथली माणसं काय खातात, कशाला रडतात आणि कुणाशी भांडतात हे बरंच कळतं. माझे यजमान तिथल्या विद्यापीठात, कमी पाण्यावर झाडं कशी जगवायची ह्याचा अभ्यास करायला वर्षभरासाठी गेले होते. गोष्ट नव्वदीच्या शेवटची. मला व्हिसावर नोकरी करता येत नव्हती. सकाळी नवरा गेला की बाहेर वाळूच्या रंगाचं आभाळ, आत मी आणि एक टेबलफॅन. चौथ्या दिवशी मी पिशवी उचलली आणि शूकमध्ये, म्हणजे तिथल्या मंडईत, गेले.

ऑलिव्हची पिंपं, खारवलेले मासे, पुदिन्याचे भारे, सूर्यफुलाच्या बिया भाजल्याचा वास, आणि ह्या सगळ्यावर ओरडणारे विक्रेते. हिब्रूचं एक अक्षर मला येत नव्हतं. त्या कल्लोळात मागून स्वच्छ ऐकू आलं, "बोलली का?" मी जागच्या जागी उभी राहिले.

"काका, तुम्ही मराठी?"

त्यांनी माझ्याकडे नीट पाहिलंही नाही. "मग काय, भेंडी हिब्रूत बोलंल?"

त्यांच्यामागे प्लास्टिकच्या उलट्या क्रेटवर एक किरकोळ बाई कोथिंबीर निवडत बसली होती. ती मान वर न करता म्हणाली, "पुण्याची दिसते. चप्पल बघा." त्या त्यांच्या बायको. त्यांना मी काकी म्हणू लागले. पण पहिल्या दिवसापासून मला जरा त्यांची भीतीच वाटत असे. काका भाजी पारखायचे, काकी माणूस.

दोघं अलिबागेकडची. बेने इस्राएल, म्हणजे कोकणात शेकडो वर्षं राहिलेले आपले ज्यू. त्यांना शनिवार तेली म्हणत, कारण घाणा चालवायचे आणि शनिवारी बंद ठेवायचे. काका मुंबईत मिलमध्ये होते, वीव्हिंगला. तिशीत असताना बायकोला घेऊन इकडे आले. इथेही कापडाच्या कारखान्यात लागले, तो बंद पडल्यावर भाजीचा गाळा घेतला. मराठी मात्र निघाले त्या दिवसाचीच राहिली होती. मला त्यांनी विचारलं होतं, "भायखळ्याला ट्राम टायमावर येते का आता?" ट्राम कधीच बंद झाली म्हटल्यावर त्यांचा चेहरा असा पडला, की जणू माझ्याच हातून ती बंद पडली असावी. पुढे कुणी मुंबईचा विषय काढला की माझ्याकडे बोट दाखवून म्हणायचे, "ट्राम बंद हाय. ही सांगते."

पारख करणं हा त्यांचा स्वभावच होता. नारळ हलवून बघायचे. बटाट्याला नख लावायचे. मिरचीचं टोक स्वतः चावायचे आणि डोळ्यांत पाणी आलं तरच विकायला ठेवायचे. डब्याचं झाकण लावलं की दोनदा ठोकायचे. बसमध्ये चढायच्या आधी तिकिटाची रक्कम चालकाला नाही, आधीच बसलेल्या उतारूंना खिडकीतून विचारायचे. काकी सांगत, "मला बघायला आले तवा चहाचा कप टकटक वाजवून बघितला. तडा गेलेला नाय ना म्हणून. माझ्या बापाला वाटलं, माणूस वेडा हाय. मी बोलले, चालंल, असा माणूस फसत नाय."

त्यांची एकुलती मुलगी जवळच्या किर्यात गात गावच्या कारखान्यात शिफ्टला जायची. तिने एक मुलगा पसंत केला, मूळचा रुमानियाचा. काकांनी त्याला जेवायला बोलावलं नाही, गाळ्यावर बोलावलं, गुरुवारी. गुरुवार म्हणजे शब्बाथच्या, त्यांच्या शनिवारच्या सुट्टीच्या, आधीचा मोठा बाजार, पाय ठेवायला जागा नसते. दिवसभर त्या बापड्याला कांद्याची पोती उचलायला लावली आणि संध्याकाळी काकींना सांगितलं, "पोरगा जून नाय. देऊन टाकू." मुलगी मराठी समजायची पण उत्तर हिब्रूतच द्यायची. हा प्रसंग ती मला मोडक्या इंग्रजीत सांगताना हसत होती, आणि तो रुमानियन जावई गंभीरपणे मान हलवत होता.

त्या दोघांमुळे माझं वर्ष सुसह्य झालं, हे सरळच सांगते. कुठल्या गाळ्यावरची ताहिनी, म्हणजे तिळाची चटणी, घ्यायची, कुठला कसाई तराजूवर अंगठा ठेवतो, गुरुवारी पहाटे बेदुईनांच्या उघड्या बाजारात तांब्याचं भांडं घेताना आधी पाठ फिरवून निघायचं कसं, हे सगळं मला काकांनी शिकवलं. "घाई दिसली की गेलीस," ते म्हणायचे. "घाईचा वास लांबून येतो." हिब्रूचे आकडे आणि वार मी त्यांच्याच गाळ्यावर उभी राहून शिकले. वाराचा उपयोग मला पुढे झाला. झाला नसता तर बरं झालं असतं.

फेब्रुवारीत एक दिवस क्रेट रिकामा दिसला. "पोटात दुखतं बोलते," काका म्हणाले. दुसऱ्या आठवड्यातही रिकामाच. मग कुपात खोलीम, म्हणजे तिथला सरकारी आरोग्य विम्याचा दवाखाना, मग मोठं इस्पितळ, मग ऑपरेशन. आतड्यात गाठ होती. कसली, ते तुम्हाला सांगायला नको.

डॉक्टरणीला काकांनी जेरीस आणलं असणार. ती एकदा सांगायची, हे तीनदा विचारायचे. पोटाचा फोटो घरी आणून स्वयंपाकघरातल्या दिव्यासमोर धरायचे. मी गेले तेव्हा मलाही दाखवला. "हे काय दिसतं?" मला काहीच दिसत नव्हतं, राखाडी ढगांसारखं काहीतरी. "मला पण नाय दिसत," ते म्हणाले. "भेंडी असती तर मोडून बघितली असती." एवढं बोलून त्यांनी तो फोटो पाकिटात घातला आणि पाकीट दोनदा टेबलावर ठोकलं.

ऑपरेशनच्या दिवशी त्यांनी नवस बोलला. बेने इस्राएलांचा सगळा भरवसा एलियाहू हन्नाबीवर. अलिबागेजवळ खंडाळ्याला त्याच्या रथाच्या खुणा आहेत, तिथून तो आभाळात गेला असं ते मानतात. मूल होवो, घर होवो, दुखणं बरं होवो, की त्याच्या नावाने मलिदा करायचा. भिजवलेले पोहे, ओलं खोबरं, साखर, वेलची, बेदाणे, आणि ताटात भोवताली पाच फळं. दहा पुरुष जमवायचे, प्रार्थना म्हणायची, सगळ्यांना वाटायचा. काकांच्या नवसाचे शब्दही त्यांच्यासारखेच नेमके होते. मला त्यांनी ते सांगितले होते: "हिचा शेवटचा रिपोर्ट साफ आला की मलिदा. तोंडी नाय, कागदावर साफ."

सगळा उन्हाळा औषधं चालली. काकींचे केस गेले. डोक्याला फडकं बांधून त्या घरीच असत, मी डबा घेऊन जायची. माझ्या वरणाला त्या नावं ठेवायच्या आणि संपवायच्या. ऑगस्टमध्ये जरा तरतरी आली. एका संध्याकाळी तर त्या तासभर गाळ्यावर येऊन बसल्या, आणि शेजारच्या इराकी मटारवाल्याने त्यांना डाळिंबाचा रस पाजला. काकांनी त्या दिवशी प्रत्येक गिऱ्हाइकाला दोन दोन भेंड्या मोडून दाखवल्या. शेवटच्या तपासण्या झाल्या. "चांगलं दिसतंय," डॉक्टरीण म्हणाली, "पण कागद मंगळवारी."

आणि आमचं विमान रविवारचं होतं.

आता जे सांगायचं आहे ते मी फार कमी लोकांना सांगितलं आहे. नवऱ्यालाही उशिराच सांगितलं.

वर्षभर मी मलिद्याबद्दल ऐकत होते. पुण्याहून आलेल्या एका विद्यार्थ्याबरोबर सासूबाईंकडून दोन किलो पोहे मी खास मागवले होते. काकांनी त्यातले चार दाणे कोरडेच चावून पाहिले आणि "आपल्याकडचे" असं म्हणून डब्यात भरले. मला तो सोहळा बघायचा होता. बाजार बघणारणीची हाव कशी असते ते तुम्हाला माहीत आहे. परत गेल्यावर सांगायला एक गोष्ट हवी असते, अल्बममध्ये एक पान हवं असतं. कॅमेऱ्यात अर्धा रोल शिल्लक होता. बुधवारी सकाळी मी गाळ्यावर उभी होते आणि म्हणाले, "काका, सगळं बघितलं, तेवढा मलिदा बघायचा राहिला बघा."

काका थांबले. हातातली भेंडी तशीच राहिली. मग म्हणाले, "राहील कशाला? उद्या करू."

"पण रिपोर्ट मंगळवारी ना?"

"डॉक्टरीण बोलली ना चांगलं दिसतंय. नवस फेडायचा तो फेडायचा. उद्या काय नि मंगळवारी काय. आणि पोहे कोणी आणले? तूच नसलीस तर मला घास जाईल का?"

मी नको म्हणायला हवं होतं. आमच्या घरातही नवस होतात. काम झाल्यावर फेडायचा असतो, आधी फेडत नाहीत, हे मला आईने शिकवायची गरज पडली नव्हती. ते शब्द माझ्या तोंडापर्यंत आले होते. पण मला मलिदा बघायचा होता. मी म्हणाले, "खरंच? मग मी सकाळीच येते मदतीला."

दुसऱ्या दिवशी काकांनी गाळा दुपारीच बंद केला. गुरुवारी, भर बाजारात. एवढ्या वर्षांत असं झालं नव्हतं, इराकी मटारवाला विचारायला घरी आला. दालेत वस्तीत तिसऱ्या मजल्यावर त्यांचं घर. मी खोबरं खवत होते आणि आतल्या खोलीतून बापलेकीचं बोलणं ऐकू येत होतं. ती हिब्रूत, ते मराठीत. तिचं मला फारसं कळत नव्हतं. पण एक शब्द ती पुन्हा पुन्हा म्हणत होती, आणि तो मला येत होता. योम श्लिशी. मंगळवार. मंगळवार, आबा, मंगळवार.

काका म्हणत होते, "पाहुणी रविवारी जाते. समजत नाय तुला?"

मी मान खाली घालून खोबरं खवत राहिले.

काकी पलंगावर बसून फडकं नीट बांधत होत्या. मला आरसा धरायला लावला. आरशातूनच माझ्याकडे बघून म्हणाल्या, "काय गो बाय, तुमच्या पुण्यात परीक्षेआधी पेढे वाटतात?"

मला हसू आलं नाही. "काकी, नको करू या का?" मी विचारलं. तेव्हा विचारलं, खोबरं खवून झाल्यावर.

"आता दहा माणसं जिना चढून आली," त्या म्हणाल्या. "त्यांना काय सांगणार, परत जा? बघ तू. नीट बघून घे. एवढ्या लांबून आलीस."

परातीत मधोमध मलिद्याचा ढीग, भोवती केळी, खजूर, सफरचंद, डाळिंब आणि पेअर. वर गुलाबाच्या पाकळ्या. शेजारी सब्जाची जुडी, वास घेऊन त्याचीही प्रार्थना म्हणायची असते. प्रार्थना म्हणायला जे वयस्क गृहस्थ आले होते ते काकांच्याच वयाचे, मुंबईचे. टोपी सारखी करत त्यांनी सहज विचारलं, "रिपोर्ट आला ना?"

"आला म्हणूनच समज," काका म्हणाले.

ते गृहस्थ दोन क्षण काकांकडे बघत राहिले. ह्या माणसाच्या तोंडून 'समज' हा शब्द त्यांनी बहुधा पहिल्यांदाच ऐकला असावा. मी तर नक्कीच. मग त्यांनी पुस्तक उघडलं आणि सगळे उभे राहिले.

मलिदा फार सुंदर झाला होता. खोटं कशाला बोलू? पुरुष एलियाहू हन्नाबीचं गाणं म्हणत होते, हिब्रू शब्द आणि चाल थेट आपल्या कीर्तनातली, आणि माझ्या अंगावर काटा आला. काका सगळ्यांत मोठ्याने गात होते. मी उरलेला रोल संपवला. पुढे पुण्यात तो धुऊन आणला तेव्हा दिसलं की सगळ्या फोटोंत सगळे परातीकडे बघत आहेत आणि काकी तेवढ्या कॅमेऱ्याकडे.

मंगळवारी संध्याकाळी मी पुण्याहून फोन लावला. काकांनीच उचलला.

"रिपोर्ट आला?"

"आला. चांगला नाय बोलला."

फोनवर पैसे जात होते. शेवटी तेच म्हणाले, "तू नीट पोचलीस ना बाय? विमानात खायला बरं दिलं?"

मी पुन्हा फोन केला नाही. करते करते म्हणत राहिले. माणूस भित्रा असला की त्याला रोज एक नवीन काम निघतं.

चार वर्षांनी यजमानांना एका परिषदेसाठी पुन्हा तिकडे जायचं होतं, आठ दिवस. मी येणार नाही असं मी महिनाभर म्हणत होते आणि गेले. बेर्शेबात उतरल्यावर दोन दिवस मंडईकडे फिरकले नाही. तिसऱ्या दिवशी पिशवी घेतली. दिवस वाईट होते, रोज कुठे ना कुठे स्फोट नाही तर गोळीबार होत होता. मंडईच्या दारात पहारेकरी बसला होता, त्याने पिशवीत हात घालून पाहिलं. आत गर्दी कमी. लोक भाव न करता घेत होते आणि भराभर बाहेर पडत होते. काकांनी शिकवलेला बाजार असा नव्हता.

गाळा होता. काका होते. खांदे उतरले होते, दाढी वाढली होती. मागचा क्रेट जागेवरच होता आणि त्याच्यावर कोथिंबिरीच्या जुड्या ठेवल्या होत्या. त्यांनी मला लगेच ओळखलं. "आलीस," म्हणाले, मी कालच गेल्यासारखं.

काकी त्याच हिवाळ्यात गेल्या होत्या. ते मी तिथल्या एका ओळखीच्या बाईंकडून आधीच ऐकलं होतं. तरी समोर उभं राहून चार वर्षं जे घोकलं होतं ते एका दमात बोलून टाकलं. "काका, मला ठाऊक होतं. नवस आधी फेडायचा नसतो. मला मलिदा बघायचा होता म्हणून मी गप्प बसले."

ते दुसऱ्या एका बाईची काकडी तोलत होते. तोलून झाली, पिशवी तिच्या हातात दिली. मग म्हणाले, "मला पण ठाऊक होतं, बाय."

"मग का केलात?"

"गिऱ्हाईक घाई करतंच. त्याचं कामच ते. दुकानदारानं करायची नसते." त्यांच्या आवाजात राग नव्हता. राग असता तर मला बरं वाटलं असतं. "त्याच्यानं ती गेली असं नाय. मुलगी बोलते, आबा, तो रिपोर्ट आधीच तयार होता, मलिद्याचा काय संबंध. शिकलेली हाय ती. बरोबर बोलते."

मला वाटलं, झालं, सुटले. पण ते थांबले नव्हते.

"पुढची गोष्ट तुला ठाऊक नाय. थंडीत तिनं मलिदा मागितला. नवसाचा नाय, खायला. तोंडाला चव नाय, बोलली, थोडा मलिदा करा. पोहे होते घरात. तूच आणलेले, अर्धे शिल्लक होते." त्यांनी हाताने डब्याचा आकार दाखवला. "मी केला नाय. मी बोललो, आता नको. एकदा घाई केली ती पुरे. आधी रिपोर्ट येऊ दे, साफ येऊ दे, मग करू. दोनदा मागितला तिनं. मी दोनदा तेच बोललो."

"मग?"

"मग काय. तिसऱ्यांदा मागायला ती नव्हती."

शेजारच्या गाळ्यावर आता इराकी मटारवाला नव्हता, त्याचा मुलगा होता. तो भाव ओरडत होता. मी काकांच्या हातावर हात ठेवला. त्यांनी तो थोडा वेळ राहू दिला, मग पिशवी घ्यायला काढून घेतला.

"अर्धा किलो देतो," ते म्हणाले. "नवऱ्याला आवडते ना?"

टोपलीतून मूठ मूठ उचलून त्यांनी भेंडी तराजूत टाकली. एकही हातात धरून पाहिली नाही, एकही मोडली नाही. मला राहवलं नाही. "बोलली का, काका?"

"आता नाय विचारत," ते म्हणाले. आणि पैसे घ्यायला काही केल्या तयार होईनात.

त्यानंतर मी त्यांना पाहिलं नाही. दोन वर्षांनी पोहे आणणारा तोच विद्यार्थी, आता प्राध्यापक झालेला, तिकडे गेला तेव्हा मी त्याला मुद्दाम मंडईत पाठवलं. त्या गाळ्यावर मोबाइलची कव्हरं विकायला होती. बामिया, म्हणून विचारलं तर त्याला लोकांनी चार गाळे पलीकडची, अंगठ्याएवढी भेंडी दाखवली.

काकांनी न मोडता भेंडी दिली त्या दिवशी मात्र मी पाहुण्यांच्या खोलीतल्या एका शेगडीच्या स्वयंपाकघरात भेंडी चिरायला घेतली. पहिल्याच भेंडीत सुरी अडकली. दुसरी बरी होती, तिसरी लाकूड. वर्षभर मी त्यांच्याकडून भाजी घेतली होती आणि एक भेंडी कधी जून निघाली नव्हती. आता अर्ध्याहून जास्त जून होत्या. नवरा म्हणाला, टाकून दे, बाहेर जेवू. मी त्याच्यावर ओरडले. सगळी चिरली, सगळी शिजवली. तो दोन घास खाऊन उठला. मी शेवटची फोड संपेपर्यंत ताटावर बसून होते, दोरे चावत.